१९६० ची बीटल कन्व्हर्टिबल: दाराचं आतलं पॅड न फोडता कसं काढायचं?

वाळवंटीकाठ, साखळी

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे काम एकदाच होणार आहे आणि ते नीट व्हावं अशी फार इच्छा आहे.

आमच्याकडे १९६० ची फोक्सवॅगन बीटल आहे, कापडी हूडची, जर्मनीत ओस्नाब्रुकला कारमानने बांधलेली. आजोबांच्या थोरल्या भावाने ती गोवा मुक्त होण्याआधी घेतली. स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे, कारण पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली तरी गोव्यात वाहनं डावीकडूनच चालत राहिली. इंजिन, ब्रेक, लाइट सगळं चालू स्थितीत आहे. हूडचं कापड मागे एकदा बदललंय, पण आतलं काम सगळं मूळचं.

अडचण डाव्या दाराच्या काचेची आहे. हँडल फिरवलं की काच थोडी वर येते आणि परत घसरून अर्ध्यावर बसते. आत हात घालायचा तर दाराचं पॅड काढणं भाग आहे. पॅडचं रेक्झिन दोन रंगांचं, वर मलई आणि खाली विटकरी. शिवण कुठेही उसवलेली नाही. मात्र खालची कडा फुगली आहे आणि तिथे बोट लावलं की भुसा गळतो. शोधूनही एक स्क्रू दिसत नाही, फक्त आर्मरेस्टखालचे दोन सापडले.

आमचा मेकॅनिक इंजिनात फार जाणकार माणूस. पण त्याने कडेत जाडा स्क्रूड्रायव्हर घालायला घेतला तेव्हा मी त्याचा हात धरला. नवी पॅडं परदेशातून मागवता येतात, ते ठाऊक आहे. मला हीच टिकवायची आहेत. ह्या गाडीतून घरातल्या दोन पिढ्यांची लग्नं झाली, ते रेक्झिन आमच्या घराचंच आहे.

तर हँडल कसं सुटतं? क्लिपा कुठे असतात? मागच्या दोन खिडक्यांच्या काचा पण जड फिरतात, मग तीही पॅडं आत्ताच काढू का? आणि पाऊस तोंडावर आलाय, आता करू की चवथ झाल्यावर?

सहा व्होल्ट, वास्को

भाऊ, गाडी जपून ठेवलीत, आनंद वाटला. मी फक्त हँडलपुरतं सांगतो, पॅडचं सांगायला इथे माझ्याहून जाणती माणसं आहेत.

तुमच्या सालाच्या बीटलला हँडल स्क्रूवर नसतं, पिनेवर असतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या गाड्यांत प्लास्टिकच्या झाकणाखाली स्क्रू आला. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ त्याच गाड्यांचे आहेत, ते बघून तुमच्या हँडलवर झाकण शोधत बसू नका.

हँडलच्या मुळाशी गोल चकती आहे ना, ती पॅडकडे दाबा. मागे स्प्रिंग आहे, चकती आत जाते. मग हँडलच्या मानेतून आरपार गेलेली बारीक पिन दिसेल. एकाने चकती दाबून धरायची, दुसऱ्याने पिनेपेक्षा बारीक पंच, म्हणजे सपाट टोकाची सळई, लावून हलकेच ठोकायचं. टोकदार खिळा नको, तो पिनेचं तोंड पसरवतो आणि मग पिन भोकातच अडकते. खाली मांडीवर पांढरं फडकं पसरून ठेवा, पिन उडाली तर सापडेल. दार उघडायचं आतलं हँडलही असंच सुटतं.

आणि काढायच्या आधी दोन्ही हँडलांची दिशा दिसेल असा फोटो घ्या.

म्हापशाची कुशनवाली

वास्कोच्या बाबांनी हँडलचं चोख सांगितलंय, त्यात एवढंच घालते की चकती बोटांनी दाबू नकोस. जुन्या रेक्झिनवर नखाची खूण उठते ती जात नाही. जाड प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घे, त्याला हँडलची मान मावेल एवढी खाच काप आणि ते चकतीवर ठेवून दाब. दाब सगळीकडे सारखा पडतो.

आता पॅड. माझ्या वडिलांच्या दुकानात मी शाळेत असल्यापासून बसते, आता दुकान मीच चालवते. जुन्या गाड्यांची पॅडं कशी फाटतात ते बघत आले आहे, आणि जवळजवळ नेहमी ती एकाच कारणाने फाटतात: माणूस पॅड ओढतो. पॅड ओढायचं नसतं, क्लिप उचलायची असते.

आतली रचना सांगते म्हणजे हाताला कळेल. रेक्झिनच्या मागे साधारण तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आहे, म्हणजे दाबून बसवलेले लाकडाचे तंतू. त्याच्या कडेकडेने खाचा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेत पोलादी स्प्रिंगची एक क्लिप अडकवलेली असते. क्लिपेचं दुसरं टोक दाराच्या पत्र्यातल्या भोकात, रबरी बुचात बसतं. नव्या गाडीत क्लिप दुबळी आणि बोर्ड मजबूत, म्हणून ओढलं तरी क्लिप सुटते. साठ वर्षांनी उलटं झालेलं असतं. क्लिप गंजून भोकात धरलेली, आणि बोर्ड भिजलेल्या बिस्किटासारखा. आता ओढलंस तर क्लिप जागेवर राहील आणि बोर्डाचा तुकडा तिच्यासोबत.

म्हणून आधी प्रत्येक क्लिप नेमकी कुठे आहे ते शोध. जुना एक्स-रे मिळेल घरात, त्याची चार बोटं रुंद पट्टी काप. ती पॅड आणि दार यांच्या फटीत घालून कडेने सरकवत जा. जिथे अडेल तिथे क्लिप. खूण दाराच्या रंगावर कर, मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून. रेक्झिनवर टेप अजिबात लावायची नाही, काढताना वरचा चकाकीचा थर घेऊन निघते. रंगावरचीही त्याच दिवशी काढ.

हत्यार म्हणून लांबी (पुट्टी) भरायच्या दोन पट्ट्या घे, पेंटरच्या दुकानात मिळतात. एक रुंद आणि पातळ, ती दाराच्या पत्र्याला टेकवून ठेवायची म्हणजे रंगाला इजा नाही. दुसरीच्या टोकाला कानशीने इंग्रजी व्ही आकाराची खाच पाड आणि खाचेच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कर. ही खाच क्लिपेच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजे. मग पट्टी किंचित फिरव. जोर पूर्ण क्लिपेवर येतो, बोर्डावर नाही. क्लिप सरळ बाहेर यायला हवी, तिरकी नको. एक क्लिप सुटली की लगेच पुढची. मोकळी झालेली बाजू वर उचलून आत काय आहे ते बघायचा मोह होतो, तो आवर. त्या एका वाकण्याने रेक्झिनला आडवी चीर जाते.

खालच्या कडेचं वेगळं. तुझ्या वर्णनावरून तिथला बोर्ड क्लिप उचलण्याइतका ताण घेणार नाही. तिथे क्लिपा वाचवू नकोस, काप. आर्मरेस्ट आणि हँडलं काढून झाली की सुरुवात खालूनच कर, वरच्या क्लिपा पॅडला धरून असताना. हॅकसॉचं नुसतं पातं घे, धरायच्या टोकाला कापड गुंडाळ, फटीत सरकव आणि पत्र्याला लागून क्लिपेची मान काप. नव्या क्लिपा आणि बुचं दोन्ही सहज मिळतात, हा बोर्ड मिळत नाही. तळ मोकळा झाला की दोन्ही उभ्या बाजू, सगळ्यात शेवटी वरची. शेवटच्या दोन क्लिपांना दुसरा माणूस लागतोच, दोन्ही हातांचे पंजे पॅडखाली सपाट धरायला.

ह्या सगळ्याच्या आदल्या दिवशी एक काम. सुताराकडून किंवा हार्डवेअरमधून चपडा आण, तोच लाखेचा, फ्रेंच पॉलिशचा. तो स्पिरिटमध्ये अगदी पातळ विरघळव आणि बारीक ब्रशने खालच्या भुसभुशीत कडेला पाज. बोर्ड पिईल तेवढा. पांढरा डिंक पाण्यात कालवून लावू नकोस, पाण्याने बोर्ड आणखी फुगतो. स्पिरिट उडून जातं आणि लाख तंतूंना धरून ठेवते. रेक्झिनच्या दर्शनी बाजूवर थेंब पडू देऊ नकोस, डाग राहतो. गंजलेल्या क्लिपांवर तेल फवारण्याचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नकोस. बोर्ड तेल शोषतो आणि नंतर त्यावर सोल्यूशन, म्हणजे रेक्झिन चिकटवायचा रबरी गोंद, धरत नाही.

वेळेचं विचारलंस. आत्ताच कर, पहिला पाऊस यायच्या आत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गाडी शेडमध्ये असली तरी जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी बोर्डात जातं. मे महिन्यात बोर्ड वर्षातला सगळ्यात कोरडा असतो आणि रेक्झिन उष्णतेने नरम. काम सावलीत, सकाळी. काढलेलं पॅड भिंतीला टेकवून उभं ठेवू नकोस, वाकेल. प्लायच्या फळीवर आडवं, रेक्झिन वरच्या बाजूला, अंगावर काही न ठेवता.

मागची पॅडं मात्र आत्ता काढू नकोस असं माझं स्पष्ट मत. कन्व्हर्टिबलच्या मागच्या काचा फिरून खाली जातात, म्हणून तिथलं पॅडही हँडल आणि पिन असलेलंच आहे. पण त्यासाठी मागची सीट आणि पाठ दोन्ही काढावी लागतात, हूडचा सांगाडा मधे येतो, आणि ते पॅड वळणदार आहे. वळणावरचं जुनं रेक्झिन सगळ्यात कडक. काचा नुसत्या जड फिरत असतील तर आधी काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ कर आणि सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन आत फिरव. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. जे पॅड काढायचं कारण नाही ते जागेवरच सुरक्षित.

हेराल्डवाला, फोंडा

ताई, छान लिहिलंत. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली. तिच्याही हँडलांना अशीच पिन आणि चकती, त्यामुळे हे सगळं ओळखीचं वाटलं.

दोन सुचवण्या. एक, रेक्झिन कडक असेल तर हीट गन फिरवली की लोण्यासारखं मऊ होतं, मग काम झटपट. दुसरं, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा जुना बोर्ड सोलून टाका आणि चार मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरा. गोव्यात होड्यांच्या कामामुळे चांगला मरीन प्लाय मिळतो. पुन्हा पन्नास वर्षं बघायला नको.

म्हापशाची कुशनवाली

दादा, मरीन प्लाय चांगला माल आहे, मीही वापरते. पण चार मिलिमीटर नको. मूळ बोर्डापेक्षा एक मिलिमीटर जाड झालं की दोन ठिकाणी अडतं. क्लिप भोकात पूर्ण बसत नाही, आणि हँडलची चकती कितीही दाबली तरी पिनेचं भोक समोर येत नाही. मग लोक पिन सोडून तिथे खिळा वाकवून घालतात. अशी हँडलं माझ्याकडे येतात, वाईट वाटतं बघून. घ्यायचा तर तीन मिलिमीटरचाच, आणि कडांना आधी वॉर्निश पाजून.

हीट गनला मात्र माझा ठाम नकार. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हातान्हात वर्षानुवर्षं राहून ते उडून गेलेलं असतं. हीट गनने क्षणभर मऊ होतं, पण त्याबरोबर उरलेलं द्रव्यही जातं, वरचे कातडीसारखे दाणे सपाट होऊन चकाकतात, आणि थंड झाल्यावर ते आधीपेक्षा आखडतं. दोन-तीन मिलिमीटर आखडलं तरी कडेला दुमड पुरत नाही. केस वाळवायचा ड्रायर, हातभर अंतरावरून, तोही फक्त जिथे दुमड उलगडायची आहे तिथे. आणि दुमड उलगडायची वेळ शक्यतो येऊच देऊ नये.

पूर्ण बोर्ड सोलणं हा शेवटचा उपाय. साखळीच्या पॅडचा वरचा भाग चांगला आहे असं दिसतंय. खालची कुजलेली पट्टीच बदलता येते. आणि समजा काढताना पॅडचे तुकडे झाले, तरी एकही तुकडा फेकायचा नाही. कागदावर मांडून जुळवला की तोच फर्मा. क्लिपांच्या खाचा, हँडलांची भोकं, कडेचा बाक, ही मापं कुठल्याही पुस्तकात तुमच्या दारासाठी लिहिलेली नाहीत. त्या काळच्या दारांत हाताने केलेलं काम पुष्कळ असायचं.

वाळवंटीकाठ, साखळी

ताई, वास्कोचे बाबा, सगळ्यांचे मनापासून आभार. डाव्या दाराचं पॅड निघालं, अखंड!

चपडा आदल्या दिवशी पाजला होता, सकाळी कडा हाताला चक्क टणक लागली. एक्स-रेच्या पट्टीने सगळ्या क्लिपा सापडल्या. खालच्या कापल्या, बाकीच्या व्ही खाचेने सुटल्या. मेकॅनिकनेच पट्टी चालवली, मी पंजे लावून उभा होतो. त्याला ती पट्टी एवढी आवडली की तशी एक स्वतःसाठी करून घेतली.

काचेचं कारणही सापडलं. काचेची खालची कड ज्या पत्र्याच्या खाचेत धरलेली असते, तिथलं रबर कुजून गेलं होतं, म्हणून काच निसटायची. काच वर-खाली करणारी मशीन चांगली आहे. नवं रबर घालून काच पुन्हा बसवली.

एक गोष्ट बघून खूप आनंद झाला. मागे दुमडलेल्या रेक्झिनला ऊन कधीच लागलेलं नाही, तिथला विटकरी रंग दिसतो त्यापेक्षा कितीतरी गडद आहे. गाडी नवी असताना आत अशी दिसत असणार!

आता प्रश्न. पॅडच्या मागे डांबरी कागदाचे काळे तुकडे चिकटलेले मिळाले, बहुतेक भाग गळून पडलाय. दाराच्या तळाशी लाल मातीचा थर आणि पानांचा चुरा. ते डांबरी कागद परत लावायचे का? आणि कुजलेली पट्टी बदलायची कशी?

म्हापशाची कुशनवाली

शाब्बास रे! तुझ्या मेकॅनिकलाही सांग.

ते काळे तुकडे म्हणजेच तुझ्या पॅडच्या दुखण्याचं मूळ आहे. दाराच्या आत पाणी जाणारच, ते धरूनच दार बनवलेलं असतं. काचेवरून ओघळणारं पाणी फेल्टच्या पट्टीतून आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. मधला कागद पॅडला त्या पाण्यापासून वेगळं ठेवतो. कागद गेला, भोकं आपल्या जांभ्याच्या मातीने बुजली, पाणी आत साचलं आणि हार्डबोर्डाने ते खालून प्यायलं. म्हणून आधी भोकं. आतून माती हाताने काढ, मग भोकात तार घालून मोकळी कर आणि बाटलीभर पाणी वरून ओतून बघ, धार खाली पडली पाहिजे. तळाच्या पत्र्यावर गंज असेल तर घासून प्रायमर लावायची हीच संधी, पुन्हा दार उघडं मिळणार नाही.

कागदाऐवजी जाड पॉलिथिन वापर. पॅडपेक्षा बोटभर लहान काप, हँडलांसाठी छोटी फुली पाड, मोठं भोक नको. चिकटवायला ब्यूटिलची टेप, ती वाळत नाही आणि पुढे कधी काढावी लागली तर निघते. सगळ्यात महत्त्वाचं, पॉलिथिनची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत वळव. बाहेर ठेवलीस तर त्यावरून ओघळणारं पाणी थेट बोर्डावर येईल.

पट्टीचं असं. रेक्झिनची खालची दुमड तेवढीच ड्रायरने सैल कर, मागून. जिथून बोर्ड टणक लागतो तिथे सरळ रेष मारून खालचा भाग काप. कापायच्या आधी त्याचा कागदावर ठसा घे, खाचांसकट. मग त्याच जाडीच्या हार्डबोर्डाची नवी पट्टी काप. जुना आणि नवा दोन्हीच्या कडा अर्ध्या जाडीपर्यंत घासून एकमेकांवर बसव. नुसते टोकाला टोक जोडलेस तर सांधा पुढून रेक्झिनवर उमटतो. मागून सुती कापडाची पट्टी चिकटव. नव्या पट्टीला पुढून, मागून आणि कडेने वॉर्निश, दोन हात, आणि पूर्ण वाळू दे. रेक्झिन परत चिकटवायला एसआर सोल्यूशन, दोन्ही बाजूंना पातळ लाव, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोड. ओलं असताना जोडलं तर आतले वायू अडकून फुगे येतात. दुमड जुन्याच घडीवर बसव, नवी घडी पाडू नकोस, तिथे ते तुटेल.

लावताना क्लिपा आणि रबरी बुचं सगळी नवी घे. बुचाला बाहेरून जरासं सिलिकॉन ग्रीस लावलंस की पुढच्या वेळी क्लिप गंजून धरणार नाही. क्लिप हाताच्या तळव्याने तिच्या नेमक्या जागी दाबायची, मधे ठोकायचं नाही. हँडलं शेवटी, आणि त्याआधी काच पूर्ण वर नेऊन ठेव, म्हणजे फोटोतल्या दिशेला हँडल बसवता येईल.

उजव्या दाराचं पॅड चांगलं असलं तरी त्याच्या तळाची भोकं ह्याच आठवड्यात तारेने मोकळी कर. त्यासाठी पॅड काढावं लागत नाही, दार उघडून खालून होतं. पट्टी कापताना अडलास तर पॅड फळीवर बांधून म्हापशाला घेऊन ये, शुक्रवार सोडून. बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.